टायलर, मॉर्गन आणि संस्कृतीच्या पायऱ्या

मानवशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे : एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी जगातील सर्व समाजांना ‘मागासलेले’ ते ‘प्रगत’ अशा एकाच क्रमात बसवले, ते बहुतांशी खुर्चीत बसून लिहीत होते आणि त्यांचे निष्कर्ष पुढे चुकीचे ठरले, मग एडवर्ड टायलर आणि ल्यूइस हेन्री मॉर्गन यांना अभ्यासक्रमात आजही पहिले स्थान का दिले जाते, आणि त्यांची नेमकी चूक तरी कोणती?

मी हा विषय बरीच वर्षे शिकवत आलो आहे आणि प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘ते वंशवादी होते’ किंवा ‘ते एकरेषीय विचार करत होते’, म्हणजे सर्व समाज एकाच मार्गाने जातात असे मानत होते, एवढे लिहून परीक्षेतले गुण मिळतात, पण चूक कळत नाही. माझ्या मते त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता. मानवी समाजात काळानुसार बदल कसे घडले, आणि परस्परांपासून दूर असलेल्या समाजांत इतके साम्य का आढळते, हे विचारल्याशिवाय मानवशास्त्र उभेच राहू शकले नसते. चूक झाली ती पुराव्यात. एकाच काळी पृथ्वीच्या वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या समाजांना त्यांनी एकामागोमाग एक उभे केले आणि त्या रांगेलाच इतिहास मानले. ही एक गोष्ट नीट समजली की बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातून कशा निघाल्या हे दिसू लागते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. सांस्कृतिक उत्क्रांतिवाद म्हणजे डार्विनचा सिद्धांत समाजाला लावणे, असे सर्रास लिहिले जाते. कालक्रम तसा भास निर्माण करतो, कारण डार्विनचे ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ साली आले आणि मानवशास्त्रातील मोठे ग्रंथ त्यानंतरच्या दोन दशकांत आले. परंतु शिकारी, पशुपालक, शेतकरी आणि व्यापारी अशा क्रमाने समाज पुढे जातो, ही मांडणी अठराव्या शतकात स्कॉटलंड आणि फ्रान्समधील विचारवंतांनी केलेली होती. ॲडम फर्ग्युसन यांचा नागरी समाजाच्या इतिहासावरील निबंध १७६७ सालचा आहे. टायलर यांनी आपल्या ‘प्रिमिटिव्ह कल्चर’च्या १८७३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत आपले काम डार्विन आणि समाजाच्या उत्क्रांतीवर लिहिणारे तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांच्याहून वेगळ्या वाटेने झाले असल्याचे नोंदवले आहे. डार्विनच्या विचाराचा गाभा म्हणजे एकाच गटातील व्यक्तींमधले फरक आणि त्यांतून परिस्थितीने केलेली निवड. टायलर आणि मॉर्गन यांच्या लेखनात निवडीची ही यंत्रणा जवळपास नाहीच. तिथे अवस्था आहेत आणि त्या अवस्थांतून होणारी प्रगती आहे. म्हणून त्यांना डार्विनचे शिष्य म्हणण्यापेक्षा अठराव्या शतकातील प्रगतिवादाचे वारस म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नवे काय घडले? माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना म्हणजे माणसाच्या इतिहासाला मिळालेला काळ. बायबलच्या वंशावळींवरून आर्चबिशप अशर यांनी सृष्टीची निर्मिती इ.स.पू. ४००४ मध्ये झाल्याचे गणित मांडले होते, आणि एवढ्या तोकड्या काळात संस्कृतीचा संथ विकास बसवणे कठीण होते. डेन्मार्कमध्ये ख्रिश्चन थॉमसेन यांनी संग्रहालयातील वस्तूंची अश्मयुग, कांस्ययुग आणि लोहयुग अशी विभागणी केली होती, परंतु तिला खरी खोली मिळाली ती १८५८-५९ मध्ये. इंग्लंडमधील ब्रिक्सहॅमच्या गुहेत नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर माणसाने घडवलेली दगडी हत्यारे सापडली. फ्रान्समधील ॲबव्हिल येथे बुशे द पेर्थ यांनी वर्षानुवर्षे हेच सांगितले होते, ते आता इंग्लिश भूशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिले आणि मान्य केले. १८६५ मध्ये जॉन लबक यांनी अश्मयुगाचे पुराश्म आणि नवाश्म असे दोन भाग केले. काळ हाती आला, हत्यारे हाती आली. पण ती हत्यारे वापरणाऱ्या माणसांचे विवाह, नाती आणि श्रद्धा कशा होत्या हे दगड सांगत नव्हते. ही पोकळी भरण्यासाठी अभ्यासकांची नजर आपल्याच काळात दगडी हत्यारे वापरणाऱ्या लोकांकडे गेली. लबक यांच्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच ही दिशा दिसते : प्राचीन अवशेष आणि आधुनिक ‘रानटी’ लोकांच्या चालीरीती त्यांनी शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. ज्याला पुढे तुलनात्मक पद्धती म्हटले गेले तिचे मूळ या गरजेत आहे, आणि ती गरज खरी होती हे विसरून चालणार नाही.

टायलर हे इंग्लंडमधील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबातले होते. प्रकृतीच्या कारणाने ते प्रवासाला निघाले आणि १८५६ मध्ये हेन्री क्रिस्टी या संग्राहकाबरोबर मेक्सिकोत फिरले. त्यावर त्यांनी १८६१ मध्ये पहिले पुस्तक लिहिले. १८७१ मधील ‘प्रिमिटिव्ह कल्चर’च्या पहिल्याच वाक्यात त्यांनी संस्कृतीची जी व्याख्या केली ती आजही शिकवली जाते : ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे आत्मसात करतो त्या सर्वांचे संमिश्र साकल्य म्हणजे संस्कृती. या व्याख्येचे महत्त्व ‘आत्मसात करतो’ या भागात आहे. संस्कृती रक्तातून येत नाही, ती शिकली जाते, असे एकदा म्हटले की समाजासमाजांतील फरक वंशाने समजावून सांगण्याचा मार्ग तत्त्वतः बंद होतो.

त्या काळच्या लंडनमध्ये हे विधान किती मोठे होते हे लक्षात घ्यावे. जेम्स हंट यांनी १८६३ मध्ये स्थापन केलेल्या लंडनच्या ॲन्थ्रपॉलॉजिकल सोसायटीत मानववंश मुळातच वेगवेगळे आहेत असे मानणाऱ्यांचा प्रभाव होता, आणि हा विचार गुलामगिरीच्या समर्थनासाठी उघडपणे वापरला जात होता. याविरुद्ध टायलर यांनी वंशांतील आनुवंशिक भेदांचा विचार बाजूला ठेवून मानवजात स्वभावाने एकच आहे, फक्त संस्कृतीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर आहे, अशी भूमिका घेतली. जर्मनीत आडोल्फ बास्टियान यांनी मानवजातीच्या मानसिक ऐक्याचा सिद्धांत मांडला होता, आणि उत्क्रांतिवाद्यांची सगळी इमारत त्यावर उभी आहे. मन सारखे असेल तर सारख्या अडचणीवर सारखा उपाय सुचेल. म्हणून दूरदूरच्या समाजांत एकच प्रथा स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकेल. म्हणून सर्व समाज एकाच मार्गाने जातील. या तर्कातील पहिली दोन पावले मला आजही भक्कम वाटतात. तिसरे पाऊल मात्र पहिल्या दोहोंतून निघत नाही, आणि तिथे टायलर घसरले. ‘स्वभाव एकच, पायऱ्या वेगळ्या’ या सूत्रात समता आणि श्रेष्ठत्वाची भावना दोन्ही एकत्र नांदतात. ज्यांना त्यांनी बुद्धीने आपल्याबरोबरीचे मानले, त्यांचीच तुलना ते लहान मुलांशीही करत राहिले. दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखनात आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

टायलर यांच्या हत्यारांपैकी सर्वांत धारदार होते ते ‘अवशेष’ या संकल्पनेचे. एखादी प्रथा ज्या परिस्थितीत जन्मली ती परिस्थिती गेली, तरी सवयीने ती चालू राहते आणि जुन्या अवस्थेचा पुरावा बनते. त्यांचे एक उदाहरण मी वर्गात नेहमी सांगतो. अनेक समाजांत योद्ध्याबरोबर त्याचा घोडा पुरत असत, परलोकी स्वार पायी राहू नये म्हणून. जर्मनीतील ट्रिअर येथे १७८१ सालापर्यंत एका घोडदळाच्या सेनापतीच्या अंत्यविधीत घोडा मारून थडग्यात टाकल्याची नोंद टायलर देतात. आणि त्यांच्या स्वतःच्या काळात सैनिकाच्या अंत्ययात्रेत रिकाम्या खोगिराचा घोडा थडग्यापर्यंत चालवत नेत आणि परत आणत. कल्पना गेली, कृतीचा अर्धा भाग उरला. शिंक आल्यावर आशीर्वाद देणे, मुलांच्या खेळण्यातले धनुष्यबाण, नशिबावर चालणारे खेळ यांकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. इथे त्यांनी पुरावा आपल्याच समाजातून घेतला आहे, दुसऱ्या कोणाला मागासलेला ठरवून घेतलेला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे विसाव्या शतकातील मानवशास्त्रज्ञ मालिनॉव्स्की यांनी या संकल्पनेवर कडक टीका केली : जी प्रथा टिकते ती आजच्या समाजात काहीतरी काम करत असते म्हणून टिकते, तिला निरर्थक अवशेष म्हणणे म्हणजे तिचे आजचे काम न शोधणे. ही टीका योग्य आहे. तरीही एखादी प्रथा आज काय करते, या प्रश्नाचे उत्तर ती कुठून आली याचे उत्तर होऊ शकत नाही, एवढे टायलर यांच्या बाजूने म्हणावे लागेल.

धर्माच्या उगमाबद्दलचा त्यांचा जडप्राणवादही याच पद्धतीचा आहे. जिवंत आणि मृत देहात फरक कशाचा, आणि स्वप्नात दिसणारी माणसे कोण, या दोन प्रश्नांवर विचार करता करता आदिमानवाला आत्म्याची कल्पना सुचली; तीच पुढे प्राणी, झाडे आणि वस्तूंना लावली गेली; आत्म्यांतून देवता आणि अनेक देवतांतून एकेश्वर, असा त्यांचा क्रम. आदिमानवाला ते विचार करणारा माणूस म्हणून पाहतात हे यातले बळ. तो निवांत बसून सिद्धांत रचतो असे गृहीत धरतात ही यातली दुर्बलता. १८९८ मध्ये अँड्र्यू लँग यांनी, अगदी साध्या तंत्रज्ञानाच्या समाजांतही सृष्टिकर्त्या सर्वोच्च देवाची कल्पना आढळते, असे दाखवून हा क्रम हलवला. लँग हे एकेकाळी टायलर यांचेच अनुयायी होते.

मॉर्गन यांच्याकडे वळताना ‘खुर्चीत बसून’ हा शब्दप्रयोग जरा आवरता घ्यावा लागतो. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरचे हे वकील. सेनेका ही इरोक्वॉय या मूलनिवासी जमातसंघातली एक जमात; त्यांच्या जमिनी बळकावू पाहणाऱ्या कंपनीविरुद्ध ते त्यांच्या बाजूने उभे राहिले, सेनेकांनी त्यांना आपल्यात दत्तक घेतले, आणि एली पार्कर या सेनेका सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी इरोक्वॉय संघावर १८५१ मध्ये जे पुस्तक लिहिले ते एका समाजाचा सखोल अभ्यास म्हणून आजही वाचण्याजोगे आहे.

इरोक्वॉय लोकांत त्यांना नात्यांची एक वेगळीच व्यवस्था आढळली. वडिलांच्या भावाला वडिलांचीच संज्ञा, आईच्या बहिणीला आईचीच. त्यामुळे चुलत आणि मावस भावंडे ही सख्खी भावंडे मानली जात, तर मामे आणि आते भावंडांसाठी संज्ञा वेगळी. सुरुवातीला मॉर्गन यांना वाटले की ही या लोकांची खास रीत असावी. १८५८ च्या उन्हाळ्यात लेक सुपीरियरच्या काठी मार्केट या गावी ते ओजिब्वा या दुसऱ्या मूलनिवासी लोकांना भेटले. भाषा पूर्णपणे वेगळ्या कुळातली, आणि नात्यांची चौकट मात्र जवळपास तीच. यानंतर त्यांनी सविस्तर प्रश्नावली तयार केली आणि स्मिथसोनियन संस्थेच्या मदतीने ती मिशनरी आणि वकिलातींमार्फत जगभर पाठवली. तमिळ भाषकांची माहिती आली तेव्हा तिथेही तीच विभागणी दिसली : चुलत-मावस एका बाजूला, मामे-आते दुसऱ्या बाजूला. मॉर्गन यांना यात अमेरिकेतील मूलनिवासींचे आशियाशी नाते दिसले. तो निष्कर्ष टिकला नाही. साम्य खरे होते, पण त्यासाठी समान पूर्वजांची गरज नव्हती. परंतु नात्यांच्या संज्ञा म्हणजे सुटे शब्द नसून ती एक सुसंगत व्यवस्था असते आणि तिचा पद्धतशीर तुलनात्मक अभ्यास करता येतो, हा शोध त्यांचाच. १८७१ मध्ये आलेल्या त्यांच्या या ग्रंथातून आप्तसंबंधांच्या अभ्यासाची शाखा जन्मली. शंभर वर्षे मानवशास्त्राचा कणा राहिलेली शाखा ज्याने सुरू केली, त्याला केवळ समाजाच्या तीन अवस्था सांगणारा ‘तीन अवस्थावाला’ म्हणून लक्षात ठेवणे हा अन्याय आहे.

या साम्याचे स्पष्टीकरण देताना मात्र त्यांनी संज्ञांना गोठलेला इतिहास मानले. हवाईमध्ये वडील, काका आणि मामा यांना एकच संज्ञा होती आणि सर्व प्रकारची भावंडे एकाच गटात मोडत. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की कधीकाळी सख्ख्या भावाबहिणींचा गट आपापसांत विवाहबद्ध असे, त्यामुळे कोण कोणाचा पिता हे ठरवता येत नसे आणि म्हणून सर्वांना एकच संज्ञा मिळाली. प्रथा नाहीशी झाली, संज्ञा उरल्या. हा टायलर यांचाच अवशेषाचा तर्क, पण कितीतरी दुबळ्या पायावर. मामालाही वडिलांचीच संज्ञा लावणाऱ्या माणसाला आपला जन्मदाता कोण हे ठाऊक नसते असे नाही. ती संज्ञा वय, पिढी, आदर आणि जबाबदाऱ्या दाखवते. विवाहसंस्थेचे स्कॉटिश अभ्यासक जॉन मॅक्लेनन यांनी त्याच वेळी हा आक्षेप घेतला होता.

१८७७ च्या ‘एन्शंट सोसायटी’मध्ये मॉर्गन यांनी सगळा पट एकत्र मांडला. वन्यावस्था, रानटी अवस्था आणि नागर अवस्था. पहिल्या दोहोंचे प्रत्येकी कनिष्ठ, मध्यम आणि वरिष्ठ असे तीन भाग. प्रत्येक पायरीला एक खूण : मासेमारी आणि अग्नी यांनी मध्यम वन्यावस्था सुरू होते, धनुष्यबाणाने वरिष्ठ, मातीच्या भांड्यांनी रानटी अवस्थेत प्रवेश, पशुपालन किंवा, अमेरिकेत, पाणी देऊन केलेली मक्याची शेती म्हणजे तिचा मध्य, लोखंड वितळवण्याची कला म्हणजे तिचा वरचा टप्पा, आणि लिपीने नागर अवस्था. तंत्र, कुटुंब, शासन आणि मालमत्ता ही चारही सूत्रे एकत्र पुढे सरकतात असे त्यांचे म्हणणे होते. मार्क्स यांनी या ग्रंथाची टिपणे काढली आणि त्यांच्या आधारे एंगल्स यांनी १८८४ मध्ये कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावर पुस्तक लिहिले. मॉर्गन यांचे नाव मानवशास्त्राबाहेर पोचले ते त्यामुळे.

ही मापपट्टी कुठे तुटते ते हवाईच्याच उदाहरणावरून पाहावे. तिथे मातीची भांडी नव्हती आणि धनुष्यबाण हे युद्धाचे हत्यार नव्हते, म्हणून मॉर्गन यांनी पॉलिनेशियन लोकांना मध्यम वन्यावस्थेत, म्हणजे ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींच्या शेजारी, बसवले. प्रत्यक्षात हवाईमध्ये पाटाच्या पाण्यावर पिकवलेली अळूची खाचरे होती, वंशपरंपरागत सरदारांची कडक उतरंड होती, आणि त्यांच्या पूर्वजांनी हजारो मैलांचा समुद्र ताऱ्यांच्या आधारे पार केला होता. अझ्टेकांकडे राजधानी, करवसुली आणि साम्राज्य होते, पण लोखंड नव्हते, म्हणून ते मध्यम रानटी अवस्थेत अडकले. आफ्रिकेच्या मोठ्या भागात दगडानंतर कांस्ययुग न येता थेट लोखंड आले. आणि ज्यांची हत्यारे सर्वांत साधी मानली गेली त्या ऑस्ट्रेलियन समाजांच्या विवाहगटांचे नियम इतके गुंतागुंतीचे निघाले की त्यांची उकल करण्यात मानवशास्त्रज्ञांच्या अनेक पिढ्या गुंतल्या. तंत्र, नाती, सत्ता आणि श्रद्धा एकाच गतीने चालत नाहीत. एका सूत्रावरून दुसऱ्याचे अनुमान काढता येत नाही, आणि मॉर्गन यांची संपूर्ण मांडणी त्या अनुमानावर उभी होती.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. हेन्री मेन यांनी १८६१ मध्ये मुख्यतः रोमन कायद्याच्या आधारे पितृसत्ताक कुटुंब हे समाजाचे मूळ असल्याचे सांगितले आणि समाज जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे जातो असे प्रतिपादले. त्याच वर्षी योहान बाखोफेन यांनी ग्रीक पुराणकथा आणि नाटकांच्या आधारे आरंभी मातृसत्ता होती असे सिद्ध केल्याचा दावा केला. दोन्ही विद्वान अभिजात साहित्यात मुरलेले. निष्कर्ष मात्र अगदी उलट. मॅक्लेनन यांनी १८६५ मध्ये बहिर्विवाह (गटाबाहेर विवाह) आणि अंतर्विवाह (गटातच विवाह) या संज्ञा रूढ केल्या, ज्या आजही वापरात आहेत, आणि वधूहरणाचा सिद्धांत मांडला, जो आज कोणी मानत नाही. हर्बर्ट स्पेन्सर यांचा प्रभाव समाजशास्त्रावर अधिक पडला. जेम्स फ्रेझर यांचा जादू, धर्म आणि विज्ञान हा क्रम १८९० नंतर फार लोकप्रिय झाला. मालिनॉव्स्की यांना मात्र ट्रोब्रिअंड बेटांवर असे आढळले की खाडीतील सुरक्षित मासेमारीत लोक केवळ कौशल्यावर विसंबतात आणि खुल्या समुद्रातील जोखमीच्या मासेमारीसाठी जादूचे विधी करतात. तीच माणसे, त्याच काळात, दोन्ही करतात. मग क्रम कसला?

आता मुख्य मुद्द्याकडे. हे सर्व अभ्यासक समाजांना ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ कशाच्या आधारे ठरवत होते? पायऱ्यांचा क्रम आधी गृहीत धरायचा, त्यानुसार जगभरातून उदाहरणे निवडायची, ती त्या त्या पायरीवर ठेवायची, आणि मग सर्व पायऱ्या भरल्या म्हणून क्रम सिद्ध झाला असे म्हणायचे. वर्तुळ पूर्ण होते, पुरावा मिळत नाही. एकोणिसाव्या शतकातील ऑस्ट्रेलियन समाजामागेही इंग्लिश समाजाइतकाच लांब इतिहास होता. तो कोणाच्या भूतकाळात थांबून राहिलेला नव्हता.

या अडचणीची जाणीव सर्वांत आधी टायलर यांनाच झाली असावी, कारण १८८८ मध्ये त्यांनी लंडनच्या ॲन्थ्रपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटपुढे जो निबंध वाचला तो पूर्वीच्या लेखनाहून अगदी निराळा आहे. त्यांनी सुमारे ३५० समाजांची माहिती कोष्टकांत भरली आणि कोणत्या प्रथा एकमेकींबरोबर आढळतात हे मोजले. जावई आणि सासरची मंडळी एकमेकांकडे पाहत नाहीत, बोलत नाहीत, अशी प्रथा अनेक समाजांत आहे. लग्नानंतर नवरा कायमचा बायकोच्या घरी राहायला जातो अशा समाजांत ती निव्वळ योगायोगाने साधारण ९ ठिकाणी सापडायला हवी होती. प्रत्यक्षात ती १४ ठिकाणी सापडली. म्हणजे दोन प्रथांचा काही संबंध आहे. घरात आलेल्या परक्या पुरुषाशी ओळख न दाखवण्याची ही रीत असावी, असे त्यांनी सुचवले. सामाजिक प्रथांच्या अभ्यासात संभाव्यतेचे गणित वापरण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न, आणि तो पाहताना या माणसाबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

सभेचे अध्यक्ष संख्याशास्त्राचे अभ्यासक फ्रान्सिस गॅल्टन होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला : या ३५० पैकी किती उदाहरणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत? शेजारच्या पाच जमातींनी एकच प्रथा एकाच मूळ समाजाकडून घेतली असेल, तर ती पाच उदाहरणे धरायची की एक? टायलर यांच्याकडे याचे समाधानकारक उत्तर नव्हते. ‘गॅल्टनची समस्या’ या नावाने हा प्रश्न आजही आंतरसांस्कृतिक संशोधनात शिकवला जातो, आणि माझ्या मते उत्क्रांतिवादावरचा सर्वांत नेमका आघात हाच होता.

अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांनी हल्ला दुसऱ्या बाजूने केला. १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील मांडणीवरून त्यांचा तेथील वस्तूंची जबाबदारी सांभाळणारे ओटिस मेसन यांच्याशी जाहीर वाद झाला. मेसन यांनी निरनिराळ्या समाजांतील एकाच प्रकारच्या वस्तू साध्यापासून गुंतागुंतीच्या अशा क्रमाने लावल्या होत्या. बोआस यांनी खुळखुळ्याचे उदाहरण घेतले. एके ठिकाणी तो आवाजाच्या आनंदासाठी बनला असेल, दुसऱ्या ठिकाणी धार्मिक विधीसाठी; दिसायला सारखे आहेत म्हणून त्यांना एका कपाटात ओळीने ठेवले तर ज्या समाजात त्यांना अर्थ होता त्यापासून ते तुटतात. १८९६ च्या निबंधात हेच त्यांनी तत्त्व म्हणून मांडले : सारखा परिणाम दिसला म्हणून कारणही सारखेच असे म्हणता येत नाही. मुखवटे कुठे भुतांना फसवण्यासाठी असतात, कुठे स्वतः देवतेचे रूप घेण्यासाठी, तर कुठे मृत व्यक्तीच्या स्मरणासाठी. आधी एका प्रदेशातील प्रथेचा खरा इतिहास शोधा, शेजाऱ्यांशी झालेली देवाणघेवाण तपासा, मग तुलना करा, असा त्यांचा आग्रह होता.

हा वाद केवळ संग्रहालयातील कपाटांपुरता नव्हता. मूलनिवासींचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील ब्यूरो ऑफ एथ्नॉलॉजी या सरकारी संस्थेचे प्रमुख जॉन वेस्ली पॉवेल हे मॉर्गन यांच्या मांडणीने भारावलेले होते. मूलनिवासींना ‘पुढच्या पायरीवर’ न्यायचे तर त्यांची सामाईक मालकी मोडून त्यांना खाजगी जमिनीचे शेतकरी बनवले पाहिजे, हा त्या काळच्या सुधारकांचा विश्वास होता. १८८७ च्या डॉझ कायद्याने तो अमलात आणला. जमातींच्या जमिनी कुटुंबागणिक तुकड्यांत वाटल्या आणि उरलेल्या इतरांना खुल्या केल्या. ॲलिस फ्लेचर या मानवशास्त्रज्ञ स्वतः असे वाटप करण्याचे सरकारी काम करत होत्या आणि आपण या लोकांचे भले करत आहोत अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. मूलनिवासींच्या ताब्यातील जमीन १८८७ मधील सुमारे १३.८ कोटी एकरांवरून १९३४ पर्यंत सुमारे ४.८ कोटी एकरांवर आली. सेनेकांच्या जमिनीसाठी लढलेल्या मॉर्गन यांच्याच मांडणीने अशा धोरणाला विद्वत्तेचा आधार मिळावा, हे मला या इतिहासातील सर्वांत वेदनादायक प्रकरण वाटते.

बोआस यांच्या शिष्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्क्रांती हा शब्दच जवळजवळ हद्दपार केला. तो परत आणला मानवशास्त्रज्ञ लेस्ली व्हाइट यांनी, माणशी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेच्या मापाने. आणि ज्यूलियन स्टुअर्ड यांनी १९५५ मध्ये बहुरेषीय उत्क्रांतीची मांडणी करून. सारखी परिस्थिती आणि सारखे तंत्र असलेल्या समाजांत बदलाचे सारखे क्रम दिसतात का, हे स्टुअर्ड तपासत होते. साऱ्या मानवजातीचा एकच मार्ग त्यांनी मानला नाही. पुरातत्त्वाने तोवर कालनिर्णयाची स्वतंत्र साधने मिळवली होती, त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे गृहीत धरावे न लागता मोजता येऊ लागले. टायलर आणि मॉर्गन यांच्याकडे नव्हते ते नेमके हेच.

मूळ ग्रंथ वाचताना प्रत्येक विधानापाशी थांबून ‘हा कालक्रम कुठून आला?’ असे विचारत जावे. टायलर यांच्या अवशेषांच्या प्रकरणात किंवा मॉर्गन यांच्या इरोक्वॉय वर्णनात या प्रश्नाला बरेचदा उत्तर मिळते. अवस्थांच्या तक्त्यांत मिळत नाही.

गॅल्टन यांच्या प्रश्नालाही गेल्या काही दशकांत नवे उत्तर मिळू लागले आहे. एकाच भाषाकुळातील समाजांचे भाषिक वंशवृक्ष तयार करून, त्यावर प्रथा कुठे निर्माण झाली आणि कुठे लोपली हे संख्याशास्त्राने तपासले जाते, म्हणजे समान पूर्वजांकडून आलेले साम्य वेगळे काढता येते. बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकी समाजांवरील अशा एका अभ्यासात, जिथे गुरे पाळणे सुरू झाले तिथे मातृवंशीय (वंश आईकडून मोजण्याची) पद्धत पुढे मोडण्याकडे कल दिसला. मातृवंशीय आधी की पितृवंशीय, हा बाखोफेन आणि मेन यांचाच प्रश्न. पण उत्तर एका प्रदेशापुरते, एका कारणाशी बांधलेले आणि तपासता येण्याजोगे. आग्नेय आशिया व पॅसिफिकमधील ८४ ऑस्ट्रोनेशियन भाषक समाजांवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात राजकीय रचनेची वाढ एकेका पायरीने होताना आढळली, घसरण मात्र कधी एका पायरीची तर कधी एकदम अनेक पायऱ्यांची असू शकते असे दिसले. मॉर्गन यांच्या तक्त्यात खाली उतरण्याची वाट दाखवलेलीच नव्हती.